ह्युमनाइझ दाबलं तरी ठेका यांत्रिकच का वाटतो?

सोळावी_मात्रा

ड्रम प्रोग्रॅमिंगबद्दल एक मत मांडते आणि त्याला जोडून एक प्रश्न. मत असं, की बहुतेक सॉफ्टवेअरमधलं ह्युमनाइझ बटण (ठोके माणसाने वाजवल्यासारखे करू पाहणारं) ठेक्यात जीव ओतत नाही, फक्त त्याची शिस्त मोडतं. प्रश्न असा, की मग जीव आणायचा कुठून, आणि कुठल्या क्रमाने?

बोलायला समोर काहीतरी हवं म्हणून एक साधा ठेका घेऊ. वेग ९० बीपीएम (मिनिटाला ९० मात्रा), ४/४ चा एक बार, सोळा घरं (एक घर म्हणजे एक सोळांश नोट). किक (पायाचा मोठा ड्रम) १, ८ आणि ११ या घरांत. स्नेअर (काडीने वाजणारा कडक आवाजाचा ड्रम) ५ आणि १३ वर. बंद हायहॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) सगळ्या विषम घरांत, म्हणजे बारमध्ये आठ ठोके. सगळ्यांची व्हेलॉसिटी (ठोक्याचा जोर, कमाल १२७) १००, सगळं ग्रिडला, म्हणजे घरांच्या नेमक्या रेषांना, चिकटलेलं. यात चूक काहीच नाही, पण चार बारच्या पुढे ऐकवत नाही.

(अ) त्यावर ५८ टक्के स्विंग (झोका) लावला तर जवळजवळ काहीच बदलत नाही.
(ब) ह्युमनाइझ ±१० मिलिसेकंद (यापुढे मिसे) लावलं तर हात न बसलेल्या वादकाने वाजवल्यासारखं होतं.

ही दोन्ही लक्षणं का दिसतात, यावर जाणकारांनी लिहावं. सॉफ्टवेअर कुठलंही चालेल.

ठेकेदार

(अ) चं उत्तर तुमच्या मांडणीतच आहे. सोळांशाचा स्विंग फक्त २, ४, ६, ८ अशी सम क्रमांकाची घरं मागे ढकलतो. विषम घरं जागची हलत नाहीत. तुमची हायहॅट सगळी विषम घरांत, स्नेअरही विषम घरांत. अख्ख्या बारमध्ये स्विंगच्या हाती लागतो तो एकच ठोका, ८व्या घरातली किक. मग फरक ऐकू येणार कसा?

टक्क्यांचा हिशेब सोपा आहे. दोन घरांची जोडी म्हणजे एक अष्टमांश, ९० च्या वेगात ३३३.३ मिसे. ५० टक्के म्हणजे दुसरं घर बरोबर मध्यावर, १६६.७ मिसेवर. स्विंगचा प्रत्येक टक्का इथे ३.३ मिसे. म्हणजे ५४ ला १३.३, ५८ ला २६.७, आणि ६६.७ ला ५५.६ मिसे उशीर, आणि तिथे ती जोडी तिस्र जातीची (तीन समान भागांतले दोन आणि एक) होते. ही मोजणी रॉजर लिन यांच्या ड्रम यंत्रांपासून रुळली. त्यांच्या १९८० च्या एलएम-१ मध्ये क्वांटाइझ (ठोके ग्रिडवर ओढणं) आणि स्विंग दोन्ही होते, आणि पुढे १९८८ च्या अकाई एमपीसी६० मधून ते घराघरांत पोचले. काही सॉफ्टवेअर हेच प्रमाण ० ते १०० असं दाखवतात, तिथे ० म्हणजे सरळ. दुसऱ्याचा आकडा उचलण्याआधी तो कुठल्या मापातला आहे ते बघा.

स्विंग ऐकू यायला सम घरांत काहीतरी वाजलं पाहिजे. हायहॅट सोळाही घरांत करा किंवा स्नेअरचे घोस्ट ठोके (अगदी हलके, जेमतेम ऐकू येणारे) सम घरांत घाला. मग ५४ सुद्धा जाणवेल.

काडी_आणि_कातडं

ठेकेदारांशी सहमत. पण मी सुरुवात वेळेपासून करणार नाही, व्हेलॉसिटीपासून करेन. ठोके ग्रिडवरून एक मिसेही न हलवता नुसत्या जोरकमजोरावर ठेक्याचा प्रश्न अर्धा सुटतो. उलट व्हेलॉसिटी सपाट ठेवून वेळेत कितीही हलवाहलव करा, कानाला ते डगमगणंच वाटतं.

हायहॅटचं उदाहरण घ्या. काडीचा खांदा झांजेच्या कडेवर आदळला की दणकट आवाज, टोक वरच्या सपाटीवर पडलं की बारीक टिक. वादक हे दोन आवाज आलटून पालटून काढतो. म्हणून १, ५, ९, १३ वर ९० ते १००, आणि ३, ७, ११, १५ वर ५५ ते ६५. चारही जोरकस ठोके सारखे ठेवू नका. ९व्या घरातला १ पेक्षा ५–६ ने कमी असला की बारला दोन अर्ध मिळतात.

घोस्ट ठोके २५ ते ४० च्या आत. ४५ च्या वर गेले की ते घोस्ट राहत नाहीत, चुकून पडलेला स्नेअर वाटतो. बॅकबीट (५ आणि १३ वरचा स्नेअर) ११० ते १२०. १२७ राखून ठेवा, नाहीतर पुढे कोरसमध्ये चढायला जागा उरत नाही.

अनुनाद

वरच्या प्रतिसादाला एक पुरवणी, कारण इथेच बरेच जण अडकतात. व्हेलॉसिटी बदलली आणि आवाज बदललाच नाही, असं होऊ शकतं. पुष्कळ सॅम्पलरमध्ये (ध्वनिमुद्रित आवाज, म्हणजे सॅम्पल, वाजवणाऱ्या साधनांत) व्हेलॉसिटीचा आवाजाच्या पातळीशी संबंध अगदी थोडा किंवा शून्य ठेवलेला असतो. म्हणून कुठलंही किट उघडलं की आधी एकाच वाद्यावर २० आणि १२७ आलटून पालटून वाजवा. फरक जेमतेम वाटला तर आधी ती जोडणी वाढवा, मगच आकडे कोरत बसा.

आणि नुसती पातळी पुरत नाही. खरा हलका ठोका लहान असतोच, पण मंदही असतो, त्यात वरची झळाळी नसते. एकच सॅम्पल असेल तर लो-पास फिल्टर (वरची झळाळी कापणारा) लावून त्याची सीमा व्हेलॉसिटीला बांधा: ३० ला साधारण ४–५ किलोहर्ट्झ, १२० ला पूर्ण उघडा. सुरुवातीचा टोकदारपणाही बांधता येतो, हलक्या ठोक्याला अटॅक (आवाज चढायला लागणारा वेळ) २–४ मिसे द्या. एवढ्यावर एका सॅम्पलचं किटही बोलायला लागतं.

निर्वात

मला मूळ गृहीतकच मान्य नाही. माणसासारखं वाटलंच पाहिजे हा आग्रह कशासाठी? हाउस आणि टेक्नो ग्रिडवरच उभे आहेत. १२६ च्या वेगात किक १, ५, ९, १३; क्लॅप ५ आणि १३; उघडी हायहॅट ३, ७, ११, १५. यातली एखादी किक ८ मिसे इकडेतिकडे गेली तर नाच तुटतो. तिथे कडकपणा हेच सौंदर्य आहे.

काडी_आणि_कातडं

निर्वात, तुमचा मुद्दा वेळेबाबत पटतो, व्हेलॉसिटीबाबत नाही. रोलंडच्या टीआर-८०८ वर, म्हणजे १९८० साली, अॅक्सेंटची वेगळी ओळ होती. ज्या घरात ती पेटवली त्या घरातली सगळी वाद्यं जोरात वाजायची. बनवणाऱ्यांनाही माहीत होतं की सपाट ठोक्यांवर काम भागत नाही. तुमच्या हाउसच्या ठेक्यात सोळा घरांचा शेकर घाला आणि त्याची व्हेलॉसिटी ९०, ४५, ७०, ४५ अशी फिरवा. सगळं ग्रिडवरच राहील आणि तरी पुढे पळेल.

निर्वात

हे मान्य. शेकरचा तो क्रम वापरण्यासारखा आहे. फक्त किक सगळ्या सारख्या ठेवा, तिथे चढउतार केला की पुढचा कॉम्प्रेसर (जोराचे आवाज दाबणारं साधन) प्रत्येक ठोक्याला वेगळा वागतो.

शून्य_उतार

आता (ब) कडे वळतो, कारण खरा प्रश्न तो आहे. ह्युमनाइझ बटण प्रत्येक नोटला स्वतंत्र, यादृच्छिक सरकाव देतं. एक ठोका ९ मिसे लवकर, पुढचा ७ मिसे उशिरा, आणि त्या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. माणूस असं वाजवत नाही. माणसाचे सरकाव एकमेकांत गुंतलेले असतात. एक ठोका रेंगाळला तर पुढचेही थोडे रेंगाळतात, मग हळूहळू तो सावरतो. शिवाय त्याच्या सवयी ठरलेल्या असतात: बॅकबीट दर वेळी मागे, हायहॅट दर वेळी किंचित पुढे. कान ती सवय दोन बारमध्ये ओळखतो आणि तिच्यावर विसंबतो. यादृच्छिक सरकावात विसंबायला काही नसतं, म्हणून हात बसला नाही असं वाटतं.

त्या बटणाचे आणखी तीन तोटे आहेत, आणि ते मोजता येण्यासारखे आहेत.

पहिला, ±१० मिसे म्हणजे एकाच घरातले दोन ठोके एकमेकांपासून २० मिसे लांब जाऊ शकतात. तेवढ्या अंतरावर ते दोन वेगळे ठोके ऐकू यायला लागतात, म्हणजे न मागितलेला फ्लॅम.

दुसरा, स्नेअरखाली क्लॅप किंवा दुसरा स्नेअर थरासारखा लावला असेल तर दोन्हींना वेगवेगळा सरकाव मिळतो आणि फेजचं नातं (दोन लहरींचे चढउतार कसे जुळतात ते) दर ठोक्याला बदलतं. एक स्नेअर भरदार, पुढचा पोकळ. थर लावलेले आवाज एकाच नोटवर बांधा, म्हणजे सरकले तरी एकत्र सरकतील.

तिसरा कुणाच्या लवकर लक्षात येत नाही. पहिल्या घरातली किक लवकरच्या बाजूला सरकली तर ती क्लिपच्या सुरुवातीच्या आधी जाते आणि वाजतच नाही. लूपमध्ये सम, म्हणजे बारचा पहिला ठोका, गायब होते आणि माणूस प्लगइनला दोष देत बसतो. बटण वापरायचंच असेल तर पहिलं घर निवडीतून वगळा.

ठेकेदार

शून्य_उतार, प्रतिसाद फार आवडला. वाचनखूण साठवली.

मग यादृच्छिकऐवजी ठरलेला सरकाव द्यायचा. ९० च्या वेगासाठी सुरुवात अशी करा: किक ग्रिडवर, बॅकबीटचा स्नेअर ८ ते १२ मिसे मागे, हायहॅट ग्रिडवर किंवा ३ ते ५ मिसे पुढे. रीपरमध्ये ट्रॅकचा प्लेबॅक ऑफसेट आहे, एबलटन लाइव्हमध्ये ट्रॅक डिले आहे, लॉजिकमध्ये रीजनच्या इन्स्पेक्टरमध्ये डिले मिळतो. लाइव्हच्या ड्रम रॅकमध्ये सगळी वाद्यं एकाच ट्रॅकवर असतात, तिथे ट्रॅक डिले अख्ख्या किटला लागतो. म्हणून स्नेअर वेगळ्या ट्रॅकवर काढा किंवा स्नॅप बंद करून नोटा हाताने सरकवा.

पाऊण_पट

एफएल स्टुडिओत स्नेअर ८ मिसे मागे न्यायचा प्रयत्न केला तर तो ७ किंवा १४ वरच बसतो. मधलं काही मिळत नाही.

शून्य_उतार

प्रकल्पाच्या सेटिंगमध्ये टाइमबेस बघा. तिथे मूळचा आकडा ९६ असतो, म्हणजे एका पाव नोटचे ९६ तुकडे. ९० च्या वेगात पाव नोट ६६६.७ मिसेची, तर एक तुकडा ६.९ मिसे. ७ आणि १४ तेच आहेत. टाइमबेस ३८४ केलात तर तुकडा १.७ मिसे, ९६० ला ०.७ मिसे. बाहेरून आणलेल्या मिडी फाइलमधला (नोटांच्या नोंदी असलेल्या फाइलमधला) नाजूक सरकावही बारीक तुकड्यांत टिकतो, ९६ वर तो जवळच्या तुकड्यावर आदळून सपाट होतो. काम सुरू करण्याआधीच वाढवा.

पाऊण_पट

झालं, धन्यवाद. आता ८ वर बसतो.

तळघर

अवांतर आहे, पण किकचा विषय निघालाच आहे म्हणून. ८०८ ची लांब किक वापरत असाल तर तिचा सूर गाण्याच्या पट्टीशी जुळवा. तिची शेपूट सेकंदभर लांबते, म्हणजे ती बेसच आहे. मी १ च्या जवळचे सूर सांगतो: ई ४१.२ हर्ट्झ, एफ ४३.७, जी ४९. इतक्या खाली लहान स्पीकरवर जवळजवळ काहीच पोचत नाही, मग थोडं सॅच्युरेशन (हलकी विकृती) देऊन वरचे हार्मोनिक उभे करावे लागतात.

दुसरं, आवाज मोनोफोनिक (एका वेळी एकच) करा, म्हणजे नवी किक वाजली की जुनीची शेपूट कापली जाईल. वरच्या ठेक्यात ८ आणि ११ मध्ये फक्त तीन घरं आहेत, ५०० मिसे. दोन शेपट्या एकमेकींवर चढल्या की तळ चिखल होतो. कापताना टिक आली तर ३–५ मिसेचा फेड द्या.

अनुनाद

"मी १ च्या जवळचे सूर" ऐवजी "पहिल्या सप्तकातले सूर" म्हणायचं असावं. आणि सप्तकाच्या आकड्यांवरून आठवलं: मिडीतली ३६ क्रमांकाची नोट म्हणजे किक, ३८ स्नेअर, ४२ बंद हायहॅट, ४६ उघडी, ४९ क्रॅश, ५१ राइड. पण ३६ ला कुणी सी१ म्हणतं, कुणी सी२, आणि एफएलमध्ये ती सी३ दिसते. एकाचं किट दुसऱ्याकडे नेताना अक्षरांवर जाऊ नका, क्रमांक विचारा.

तळघर

बरोबर, पहिलं सप्तक. टंकताना घसरलं.

काडी_आणि_कातडं

हायहॅटवर थोडं सविस्तर लिहितो, कारण ठेक्याचा श्वास तिथे आहे.

उघडी आणि बंद हायहॅट हे एकच वाद्य आहे. पाय दाबला की उघडीचा नाद थांबतो. सॉफ्टवेअरला हे सांगावं लागतं: ड्रम रॅकमध्ये चोक, एफएलमध्ये कट आणि कट बाय, लॉजिकमध्ये एक्सक्लुझिव्ह ग्रुप. ४२, ४४ आणि ४६ तिन्ही एकाच गटात टाका. हे केलं नाही तर उघडीचा नाद बंद ठोक्यांवरून वाहत राहतो आणि कितीही चांगलं सॅम्पल असलं तरी खोटं वाटतं.

मग हातांचा हिशेब. वादकाला दोन हात आणि दोन पाय. एका क्षणी हातांचे दोनच ठोके पडू शकतात. हायहॅट, स्नेअर आणि क्रॅश एकाच घरात आले की तिसरा हात लागतो. क्रॅश मारताय त्या घरातली हायहॅट काढा. सोळा घरांची हायहॅट दोन हातांनी वाजते, तेव्हा ५ आणि १३ वर एक हात स्नेअरवर जातो, म्हणून त्या घरांत हायहॅट नसते. हे दोन ठोके काढून बघा. नुसत्या त्या रिकाम्या जागांमुळे बॅकबीट पुढे येतो. फिलमध्ये टॉम वाजत असताना हायहॅट चालू ठेवायची असेल तर ती पायाची, ४४, आणि तीही पाव नोटांवर.

सॅम्पलला राउंड रॉबिन (एकाच ठोक्याची वेगवेगळी सॅम्पल आळीपाळीने वाजणं) नसेल तर सलग सोळांश मशिनगनसारखे वाजतात, कारण तीच लहर तशीच्या तशी परत येते. हायहॅटची दोन-तीन वेगळी सॅम्पल क्रमाने फिरवा. एकच असेल तर पिच ±५ ते ८ सेंट (सेमीटोनचे शंभरावे भाग) आणि डिके (नाद विरायचा वेळ) ४० ते ७० मिसे असा बदलता ठेवा. इथे मात्र यादृच्छिक चालतं. आवाजाच्या पोतातला फरक कानाला नैसर्गिक वाटतो, वेळेतला वाटत नाही.

सोळावी_मात्रा

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. म्हणजे यादृच्छिकपणाला जागा आहे, फक्त ती पोतात आहे, लयीत नाही.

एक शंका. स्नेअर १० मिसे मागे आणि त्याच घरातली हायहॅट ३ मिसे पुढे, म्हणजे १३ मिसेचं अंतर झालं. शून्य_उतार यांनी फ्लॅमबद्दल लिहिलं ते इथे का लागू नाही?

शून्य_उतार

दोन कारणांनी. १३ मिसेला बहुतेक कानांना दोन ठोके सुटे ऐकू येत नाहीत, एकच पण रुंद ठोका ऐकू येतो. आणि स्नेअर व हायहॅटचे आवाज इतके वेगळे आहेत की फेजमध्ये ते एकमेकांना खात नाहीत. दोन स्नेअरच्या थरांत १३ मिसे ठेवले असते तर नक्की बिघडलं असतं. तरी बेरीज १५ च्या पुढे जाऊ देऊ नका.

आधी एक गोष्ट मात्र तपासा. सॅम्पलच्या सुरुवातीला शांतता आहे का? पुष्कळ स्नेअर सॅम्पलमध्ये पुढे ५–१० मिसे रिकामे असतात. तुम्ही १० मागे नेताय आणि सॅम्पलमध्ये आधीच ८ आहेत, तर ठोका १८ वर पडतो. लहर मोठी करून बघा, पहिल्या उसळीच्या अगदी आधी, शून्य रेषेवर कापा. सगळ्या किटचं हे एकदा करून ठेवलं की पुढचे आकडे खरे होतात.

रिकामी_जागा

कुणी गाण्यातल्या बाकी वाद्यांबद्दल बोललं नाही. ड्रमला ५८ चा स्विंग आणि बेस सरळ ग्रिडवर, तर ८व्या घरात किक आणि बेस २६.७ मिसेने चुकतात. तोच ग्रूव्ह (स्विंगचा साचा) बेसला लावा, निदान किकबरोबर येणाऱ्या नोटांना तरी.

हेच डिले इफेक्टचं. १/१६ वर जुळवलेला डिले पहिल्या घराचा पडसाद सरळ दुसऱ्या घरावर टाकतो, आणि सोळा घरांची हायहॅट तिथे २६.७ मिसे उशिरा येते. दोघांची टक्कर होते. १/८ किंवा १/४ डिले निर्धोक आहे, कारण स्विंगचं चक्र दर अष्टमांशाला पूर्ण होतं आणि पडसादही तसाच झोका घेत परत येतो.

ठेकेदार

रिकामी_जागा, डिलेचा मुद्दा बिनतोड.

आणि वेग बदलला की स्विंगचा आकडाही पुन्हा ऐकून ठरवा. ५८ टक्के ९० ला २६.७ मिसे, पण ड्रम अँड बेसच्या १७४ ला तो १३.८ मिसेच होतो. टक्का तोच, झोका वेगळा. जॅझचे वादकही वेग वाढला की झोका सरळ करत नेतात, संथ गाण्यातलं प्रमाण द्रुतात धरून बसत नाहीत.

पाऊण_पट

ट्रॅपच्या हायहॅटला हे नियम लागतात का? तिथे तर रोल असतात.

निर्वात

ट्रॅपमध्ये सरकाव नको, विभागणी बदला. १४० ला सोळांश १०७.१ मिसे, बत्तीसांश ५३.६, आणि सोळांशाची तिस्र विभागणी ७१.४. स्नेअर ९व्या घरात एकच. रोल स्नेअरच्या आधीच्या दोन घरांत किंवा बारच्या शेवटी घाला, सगळीकडे नाही. रोलची व्हेलॉसिटी ४० वरून १०० वर चढवा किंवा उलट उतरवा, आणि पिच एका रोलमध्ये दोन-तीन सेमीटोन खाली न्या. सपाट रोल शिवणयंत्रासारखा वाजतो.

रिकामी_जागा

फिलबद्दल एक सुचवते. तबल्यातली तिहाई (तोच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) ड्रमकिटवर फार छान बसते आणि फिल कुठे संपणार हे आपोआप ठरतं. सोळा घरांच्या बारमध्ये दोन मांडण्या लगेच जमतात. पहिली: पाच ठोक्यांचा तुकडा, एक घर मोकळं. तुकडे १, ७ आणि १३ व्या घरापासून सुरू होतात आणि तिसऱ्याचा पाचवा ठोका पुढच्या बारच्या पहिल्या घरावर, समेवर पडतो. दुसरी: तीन ठोक्यांचा तुकडा, चार घरं मोकळी. सुरुवात १, ८, १५. यातल्या मोकळ्या घरांत हायहॅटचा पाय चालू ठेवला तर ऐकणाऱ्याची लय सुटत नाही. समेवर किक आणि क्रॅश एकत्र.

तुकडा तिन्ही वेळा तोच ठेवा, पण व्हेलॉसिटी चढती: ७५, ९०, १०५ च्या आसपास.

अनुनाद

ही तिहाई ५८ स्विंगमध्ये करून बघितली. पाच ठोक्यांचे तुकडे सगळे विषम घरापासून सुरू होतात, त्यामुळे झोका तिन्हींत सारखा राहतो. तीन ठोक्यांच्या मांडणीत मधला तुकडा ८ पासून, म्हणजे सम घरापासून सुरू होतो, आणि त्याचा झोका उलटा पडतो. सरळ ग्रिडवर दोन्ही चालतील, स्विंगमध्ये पहिली घ्या.

रिकामी_जागा

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. फार नेमकं.

सोळावी_मात्रा

सगळं एकत्र करून मूळ ठेका पुन्हा मांडते. वेग ९०, स्विंग ५६ (२० मिसे), चार बार.

किक: १ ला ११२, ८ ला ८८, ११ ला १०४. सगळ्या ग्रिडवर, ८वी स्विंगने मागे.
स्नेअर: ५ आणि १३ ला ११६, १० मिसे मागे.
घोस्ट: १० ला ३२, १६ ला ३८. दोन्ही सम घरांत, म्हणून स्विंग आता ऐकू येतो. त्यांना वेगळा सरकाव नाही.
हायहॅट: १ ला ९८, ५ ला ९४, ९ ला ९२, १३ ला ९४; मधल्या चार घरांत ५८ ते ६४. ३ मिसे पुढे, फक्त पहिल्या बारचं पहिलं घर ग्रिडवर.
उघडी हायहॅट: चौथ्या बारच्या १५व्या घरात, ८६, चोक गटात. त्या घरातली बंद हायहॅट काढली.
हायहॅटच्या पिचला ±६ सेंट यादृच्छिक.

ह्युमनाइझ कुठेच नाही. सोळा बार सलग ऐकवतं. फक्त १६व्या घरातला घोस्ट किंचित खटकतो, कारण कळत नाही.

काडी_आणि_कातडं

तो ३८ चा आहे आणि लगेच पुढच्या घरात समेची किक व जोरकस हायहॅट आहे. स्विंगमुळे त्याला समेआधी १६६.७ ऐवजी १४६.७ मिसेच मिळतात, म्हणून तो ढकलल्यासारखा वाटतो. २६ वर आणा आणि दर दुसऱ्या बारमध्येच ठेवा. चौथ्या बारमध्ये पूर्ण काढा, तिथे १५व्या घरातली उघडी हायहॅट मोकळी वाजू दे.

शून्य_उतार

आणि ड्रमच्या बसवर (सगळ्या ड्रमच्या एकत्र वाहिनीवर) कॉम्प्रेसर असेल तर त्याचा अटॅक (दाबायला लागणारा वेळ) २० मिसेच्या खाली नेऊ नका, गेन रिडक्शन (दाबण्याचं प्रमाण) २–३ डेसिबलच्या आत. नाहीतर ३२ आणि ११६ मधलं अंतर पुन्हा सपाट होईल. लाइव्हमध्ये ग्रूव्ह पूलमधून स्विंग दिला असेल तर मिडी बाहेर देण्याआधी कमिट करा (तो नोटांवर कायमचा उतरवा), नाहीतर समोरच्याला सगळं सरळ ग्रिडवर मिळेल.

सोळावी_मात्रा

१६वा घोस्ट २६, फक्त पहिल्या आणि तिसऱ्या बारमध्ये. खटकणं गेलं. बसवरचा अटॅक ५ होता, तो आता ३० केला, आणि १०व्या घरातला घोस्ट आत्ता पहिल्यांदा नीट ऐकू आला.